मामा तलावातला मामा: एक जीव, एक गाव आणि तांब्याचे दोन पत्रे

जलदंष्ट्र दोन फेऱ्यांत मेला. त्याला घडवायला मी तीन रात्री जागलो होतो. दहा हात लांब, अंगावर शेवाळ, तोंडात दातांच्या दोन रांगा, आणि तलावाच्या तळाशी हजार वर्षांची तपश्चर्या वगैरे. भाच्याने वीस बाजूंचा फासा टाकला, ढिवर मित्राने भाला मारला, काकांनी हातोडा हाणला, संपलं. भाचा म्हणाला, "मामा, आता खजिना सांग ना." खजिन्यात एक लोखंडी तलवार होती. ती त्यांनी पुढच्या गावात साठ मोहरांना विकून टाकली आणि चहा मागवला.

हे घडलं भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका गावात, माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या जातीचा. एक जण जग सांगतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वावरतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो बाजारात आणला. मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर शिकलो. डिग्री अर्धवट राहिली, खेळ पूर्ण आला. २०२३ च्या जानेवारीत त्याचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे झाले. मूळ कर्त्यांचं नाव दिलं की कुणीही ते आपल्या भाषेत उतरवून वाटू शकतो. मी ते आठ पानांत बसवले आणि झेरॉक्स काढल्या.

हंगाम ठरलेला होता. रोवणी आटोपून पोळा झाला की बसायचं, धान कापणीला आला की उठायचं. दिवाळीनंतर जमणं शक्यच नव्हतं, कारण पाचांपैकी एक झाडीपट्टी नाटकातला कलाकार. दिवाळीनंतर तो वडशाच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव रात्र-रात्रभर उभा असतो. बाकीचे चौघे म्हणजे बारावीतला भाचा, तलावात मासेमारी करणारा ढिवर मित्र, दुसऱ्या एका मित्राची बायको (ती आशा सेविका, मी तिला वहिनी म्हणतो), आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला दोन एकर धान असलेले एक काका. काका दुकानात चार्जर बदलायला आले होते, ते राहिलेच. त्यांचं पात्र बुटका लोहार. "बुटका कायले? मी काय कमी बुटका हाव?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आठ रविवारांत मिळून एका जीवाची, एका लोकसमूहाची आणि एका जुन्या वस्तूची घडण दोनदा झाली. पहिल्यांदा मी एकट्याने केली, ती फसली. दुसऱ्यांदा कशी जमली ते इथे लिहून ठेवतो आहे.

पहिल्या खेपेला

आधी हिशेब. तिसऱ्या पातळीचे पाच खेळाडू, प्रत्येकाचा वार सरासरी आठ, शंभरातले पासष्ट वार लागतात. म्हणजे एका फेरीत सव्वीसच्या आसपास. माझ्या जीवाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, साठ. तो चौथी फेरी पाहणारच नव्हता, आणि फासे खेळाडूंच्या बाजूने पडले म्हणून दोनच फेऱ्यांत संपला. एकट्या राक्षसाची ही जुनी अडचण आहे. त्याने एक वार करावा तोवर समोरून पाच येतात. यावर पुस्तकी तोड म्हणजे हिट पॉइंट दुप्पट करणे किंवा त्याला मधेच जादा चाली देणे. मी दोन्ही करून पाहिलं असतं, आणि खेळ दोनाऐवजी पाच फेऱ्या कंटाळवाणा झाला असता.

नाव त्याहून वाईट. मराठीत काल्पनिक जग रचायला बसलं की आपला हात आपोआप संस्कृताच्या डब्यात जातो. वज्रनख, तिमिरासुर, अग्निकेतू, जलदंष्ट्र. कागदावर भारदस्त दिसतात. पण धान निसवायला (लोंबी धरायला) आलेला असताना रात्री तलावाच्या पाळीवर (बांधावर) शेतकऱ्याने काही पाहिलं, तर घरी येऊन तो "जलदंष्ट्र दिसला" असं सांगेल का? आमच्याकडे रात्री सापालासुद्धा साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात. ज्याची खरी भीती आहे त्याचं नाव छोटं आणि आडून घेतलेलं असतं.

तलवारीमागे थोडा अभ्यास होता, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातली शिळावर्तुळं (थडग्यांभोवती मांडलेल्या दगडांची वर्तुळं) आहेत, माहूरझरीला पुरलेल्या घोड्यांचे तांब्याचे साज निघाले, नायकुंडला लोखंड वितळवायची भट्टी सापडली. मी त्यातून 'शिळावर्तुळातली तलवार' काढली. पण त्या थडग्यांत कुऱ्हाडी, छिन्न्या, लगाम मिळाले ही गंमत मी बाजूला ठेवली आणि चित्रपटातल्यासारखी तलवार घेतली. मग ती विकली गेली यात खेळाडूंचा काय दोष? ती कुठल्याही जगातली असू शकली असती.

आणि लोक? तलावाकाठी 'वनवासी जमात' राहते असं मी एका ओळीत लिहिलं होतं. कुणी त्यांना भेटायलाही गेलं नाही.

तीन गोष्टी तीन वेगळ्या रात्री सुचल्या होत्या, त्या वेगळ्याच राहिल्या. जीवाला लोकांशी घेणं नाही, लोकांना तलवारीशी घेणं नाही.

वाघाचं तोंड

दुसऱ्या बैठकीला मी आणखी एक चूक केली, आणि ती गणिताची नव्हती. जलदंष्ट्र पडला म्हणून घाईत खेळाच्या पुस्तकातला तयार राक्षस आणला. या खेळात १९७७ पासून 'राक्षस' म्हणजे वाघाच्या तोंडाचा, तळहात उलटे असलेला, रेशमी कपड्यातला सैतान. आपल्या पुराणातल्या शब्दाला वाघाचं डोकं तिकडे बसलं. मला वाटलं, वाह, हा तर आपलाच.

वर्णन अर्ध्यावर असताना वहिनींनी फासे खाली ठेवले. "भाऊजी, वाघाचं तोंड नका लावू जी त्याले."

त्यांचं माहेर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडचं. तिकडे पहाटे मोहफुलं वेचायला, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायकांना वाघ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात येऊन जे बोलल्या ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही. पण त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट कळली, ती या सगळ्या प्रकरणाला उपयोगी पडली. ताडोबा हे नावच मुळी तारू या देवावरून आलं असं सांगतात. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, आणि तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं झालं. म्हणजे ज्याला वाघाने मारलं तो देव, आणि वाघही देव. त्यांच्या मधे उभं राहून 'हा दुष्ट, याला मारा' असं म्हणायला त्या भूगोलात जागाच नाही.

त्या दिवसापासून टेबलावर एक नियम लावला. आसपास कुणी ज्याच्यापुढे नारळ फोडतो, त्याचं नाव आणि रूप घ्यायचं नाही. पाळीवरच्या शेंदरी दगडाला खेळात हात लावायचा नाही. पण त्या श्रद्धेमागचा जो व्यवहार असतो, म्हणजे नाव न घेणं, आधी विचारणं, घेतलेलं फेडणं, तो उचलायला हरकत नाही. त्यात गावाच्या गोष्टीचा खरा कस असतो, आणि तो उचलल्याने कुणाचा देव राक्षस होत नाही. वाघाचं तोंड मी त्याच रात्री खोडलं.

"मे महिन्यात का खाते?"

तिसऱ्या रविवारी पुन्हा तलावावर आलो. ढिवर मित्र चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "काबे, हा तुझा जलदंष्ट्र मे महिन्यात का खाते? तलावात ढोपरभर पानी नाई रायत."

मी उत्तर देऊ शकलो नाही. मग तोच बोलत राहिला. मरळ कशी चिखलात दबून उन्हाळा काढते. मागूर वरची हवा कसा घेतो. पावसाळ्यात पाण्यावर तांबड्या पिल्लांचा थवा दिसला की खाली मरळ राखण करत असते, तेव्हा तिथे हात घालायचा नाही. तासभर फासे पडलेच नाहीत. मी लिहून घेत होतो.

इथे आमच्या तलावांविषयी थोडं सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो जुने तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. चांद्याचे (चंद्रपूरचे) गोंड राजे तलाव बांधणाऱ्याला जमीन देत. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे, आले, १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाले. 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव कागदावर लांब पडतं म्हणून सगळे त्याला 'मामा तलाव' म्हणतात. सरकारी कागदही तेच म्हणतो.

तर मित्र म्हणाला, "मामा तलावातला तो मामाच."

भाचा खो खो हसला, कारण मी त्याचा मामा. "मामा, तुझा मामा पाण्यात आहे की तू?" जलदंष्ट्राचं नाव त्यानंतर कुणी घेतलं नाही. मी स्वतःही नाही. आणि माझ्या लक्षात आलं की या एका विनोदात मला हवा असलेला जीव, हवे असलेले लोक आणि त्यांच्यातलं देणंघेणं तिन्ही आले आहेत.

मामाचा जीवनक्रम आम्ही पाच जणांनी मिळून ठरवला. तो उन्हाळाभर चिखलात निजतो. पहिल्या मोठ्या पावसाला उठतो. भाद्रपदात त्याची पिल्लं होतात, हजारभर, आणि ती मोरीच्या, म्हणजे पाटात पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी घुटमळतात, कारण तिथे पाणी गार आणि खोल. नेमकं तेव्हाच धान निसवतो आणि शेतकऱ्याला मोरी उघडायची असते. उघडली तर पिल्लं पाटातून वाहून धानाच्या बांधीत जातात आणि मरतात. म्हणून मामा मोरीचं तोंड आपल्या अंगाने बुजवतो. बस, एवढंच त्याचं वैर. तो कुणाला खात नाही. त्याला हवं असलेलं पाणी आणि गावाला हवं असलेलं पाणी एकच, आणि पंधरवडाही एकच.

हिट पॉइंट लिहिलेच नाहीत. त्याऐवजी घाटाच्या बारा पायऱ्या आखल्या. पाणी बाराव्या पायरीला असलं तर तलाव तुडुंब. प्रत्येक पाणी सोडणीला एक पायरी उघडी पडते. नऊच्या वर मामा सांडव्यावरून बाहेर येऊ शकतो. पाचाच्या खाली तो निजतो आणि कुणाचं ऐकत नाही. तो मेला तर काय, यासाठी कार्डावर तीन वाक्यं होती. पिल्लं मरतात. गाळ हलवणारं कुणी उरत नाही. चार वर्षांत तलाव उथळ होतो. हे कार्ड मी खेळाडूंना उघडं दाखवलं. लपवून काही फायदा नव्हता. मारता येतं, हे कळल्यावरही न मारण्यात खेळ होता.

टेबलावर ठेवायला मूर्ती लागते. तान्ह्या पोळ्याचा एक लाकडी बैल घरी पडून होता, चाकं तुटलेला. शिंगं कापली, शेपटीला सायकलची ट्यूब लावली, हिरवा रंग मारला. भाच्याला लाज वाटली, त्याला थ्री-डी प्रिंट हवी होती. त्याला सांगितलं की या खेळातला लोखंड गंजवणारा प्रसिद्ध किडा, रस्ट मॉन्स्टर, गायगॅक्सने स्वस्तातल्या प्लास्टिक खेळण्यांच्या पुडीतून उचलला होता. तो गप्प बसला. पटलं म्हणून की वाद नको म्हणून, ते माहीत नाही.

तोंडचे आणि टोकचे

लोक घडवणं सगळ्यात जड जातं. जीव एकटा असतो, लोकांना सासर, उधारी, अपमान, सण सगळं लागतं. मी सुरुवात पाटापासून केली. पाटाच्या सुरुवातीला ज्यांची शेतं ते तोंडचे, शेवटाला ज्यांची ते टोकचे. हे शोधावं लागलं नाही. काका दर आठवड्याला सांगतातच की टेलला पाणी पोचत नाही.

"मग तुमच्या जगात टेलवाल्यानं का करावं?" मी काकांना विचारलं.

"पानी पाह्यजे असन तर सोयरीक करा लागते," काका म्हणाले. विचार न करता म्हणाले, म्हणून मी ते धरून ठेवलं.

रीत अशी ठरली. तोंडच्यांनी आपली मुलगी टोकच्यांकडे द्यायची. तिच्या मुलांचा मामा तोंडाला राहणार, आणि भाच्याला पाणी नाही म्हणता येत नाही. एका लग्नाने एक पाट मोकळा होतो. ज्या घरात तीन पिढ्या अशी सोयरीक झाली नाही, त्याच्या शेताला 'मामाविना' म्हणतात, आणि ती तिथली सर्वात झोंबणारी शिवी. तलावातल्या जिवाला मामा म्हणतात तेही याच हिशेबाने. सगळं गाव त्याचं भाचं.

गोंडांमध्ये 'दूध लौटावा' म्हणून रीत आहे. ज्या घराने मुलगी दिली त्याला पुढच्या पिढीत मुलगी परत यायची. मला ती माहीत होती आणि मोह झाला होता. तिचं नाव आणि तपशील मी घेतला नाही. पण देणं एका पिढीत आणि फेड दुसऱ्या पिढीत, हा धागा तिथूनच आला हे कबूल करायला हवं. फक्त आमच्याकडे मुलगी परत जात नाही, पाणी परत येतं.

मी यावर खूश होतो. वहिनी नव्हत्या. "पोरगी देली, पानी आलं. त्या पोरीनं का केलं?" त्यांनी विचारलं. मी तिला नुसतं पाइपासारखं वापरलं होतं. मग वहिनींनीच तिचं काम ठरवलं. टोकाला गेलेली तोंडची लेक ही पायरी मोजणारी. रोज पहाटे घाटावर जाऊन पाणी कितव्या पायरीला आहे ते तीच सांगते, आणि तिच्या तोंडून आकडा आल्याशिवाय मोरीला हात लागत नाही. दोन्ही घरं तिची म्हणून तिचा आकडा दोघांनाही मान्य. वहिनींनी आपलं जुनं पात्र, एक जादूगारीण, फाडून टाकलं आणि पायरी मोजणारी घेतली. आशा सेविकेला रोज रजिस्टर भरायची सवय असतेच. त्यांनी खरोखर वहीत तारखेवार पायऱ्या लिहिल्या, आणि सातव्या बैठकीला माझाच आकडा चुकीचा काढला.

भांडणाचा निवाडा घाटावर, वादाच्या पायरीवर पाण्यात उभं राहून. जो आधी बाहेर येईल त्याचं म्हणणं कच्चं. कलाकाराला हे फार आवडलं, त्याने कारण नसताना दोन खटले उभे केले.

पण माझा सगळ्यात लाडका नियम वयाचा. हे लोक वय वर्षांत मोजत नाहीत, सांडव्यात मोजतात. तलाव भरून सांडव्यावरून वाहिला की सगळ्या गावाचं वय एकाने वाढतं. दुष्काळी सालात कुणीच मोठं होत नाही. वीस सांडवे झाले की पाण्याच्या बैठकीत बोलायचा हक्क मिळतो. हे मला दुकानात एका फोनची बॅटरी बदलताना सुचलं, बॅटरीचं वय वर्षांत नाही तर किती वेळा चार्ज झाली त्यात मोजतात म्हणून. उगाच सांगतो. पण कुठून काय येईल याचा नेम नसतो हे खरं.

तांब्याचे पत्रे

तलवारीच्या जागी काय ठेवावं याचं उत्तर विदर्भातल्या जुन्या वाकाटक राजांकडे मिळालं. वाकाटकांची एक राजधानी नगरधन, म्हणजे तेव्हाचं नंदिवर्धन, आमच्यापासून फार लांब नाही. प्रभावतीगुप्ता राणीचा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा आहे. गाव दान दिलं की तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचं, पत्रे कडीत ओवायचे, कडीला राजमुद्रा. त्या ताम्रपटांत एक भाग असतो तो वाचून मी हरखलो होतो. दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट आहे त्याची यादी. या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. फुलं आणि दूध मागू नये. बसायला कातडं आणि कोळसा मागू नये. मिठासाठी खणू नये.

सुटीच्या यादीवरून एरवी काय काय उकळलं जात होतं ते कळतं. जुनी वस्तू घडवायला याच्याइतकी चांगली किल्ली मला दुसरी मिळाली नाही. तिला चमकायची, बोलायची, आग ओकायची गरज नाही. ती कुणाला तरी काहीतरी मनाई करते एवढं पुरे, मागची सगळी दहशत खेळाडू स्वतः भरून काढतात.

तीन पत्रे ठरवले. पहिल्यावर मामाला मनाई:

"या गावात मामाने पहिलं वासरू मागू नये. विहिरीचं पाणी मागू नये. बाळंतिणीच्या खाटेखालची ओल मागू नये. मीठ मागू नये."

तिसऱ्यावर त्याचं देणं: "भाच्याने हाक दिली तर मामाने तोंड मोकळं करावं. एका पावसात एकदाच."

मधला पत्रा हरवलेला. कडीला त्याची जागा आहे, पत्रा नाही. त्यावर भाच्याने काय द्यायचं ते असणार, एवढं उघड होतं.

पत्रे खरोखर केले. सर्किट बोर्डासाठी तांब्याचा थर दिलेल्या पाट्या दुकानात होत्या. मागची बाजू तपकिरी दिसते म्हणून दोन-दोन पाट्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या. अक्षरं पर्मनंट मार्करने उलटसुलट विचार करून काढली, कारण मार्कर आहे तिथलं तांबं टिकतं आणि बाकीचं फेरिक क्लोराइडमध्ये झिजतं. त्यामुळे अक्षरं कोरीव न होता उठावाची झाली. वाकाटकांच्या लिपीत अक्षरांच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी असते. ती लिपी मला लिहिता येत नाही, तेव्हा देवनागरीच्याच डोक्यावर पेट्या काढल्या. मग चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगर आणलं, मीठ टाकलं, पत्रे रात्रभर त्यावर ठेवले. सकाळी हिरवे-निळे डाग उठले होते. फेरिक क्लोराइडने माझी दोन बोटं आणि आईचा एक डबा पिवळा पडला. डब्याबद्दल अजून ऐकतो.

सहाव्या बैठकीला पहिला पत्रा टेबलावर ठेवला. पाचही जण एकेक अक्षर लावत वाचू लागले. 'बाळंतिणीच्या खाटेखालची ओल' पाशी वहिनी थांबल्या. "म्हणजे आधी मागत होता," त्या हळू म्हणाल्या. खोलीत कुणी बोललं नाही. मामा काय होता, हे मी एका शब्दानेही सांगितलेलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हा काकांचा फोन वाजला. "लाइन आली. मोटर लावून येतो. माह्या लोहाराकडून कोनी निवाडा नका देऊ." थ्री-फेज रात्री साडेदहाला आली की शेतकऱ्याला खेळ, जेवण, झोप सगळं सोडून उठावं लागतं. पाऊस पंधरा दिवस दडी मारून बसला होता, टोकाच्या बांध्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. काका गेल्यावर आम्ही तासभर थांबलो. त्यांच्याशिवाय पाण्याचा निर्णय घेणं बरं दिसलं नसतं.

हाक

आठवी बैठक दिवाळीच्या आधीच्या रविवारी. खेळातला तलाव सहाव्या पायरीवर, म्हणजे आणखी दोन सोडण्या झाल्या की मामा निजणार आणि मोरी बुजलेलीच राहणार. टोकचं धान पिवळं पडत होतं. कलाकाराने तिसरा पत्रा उभं राहून वाचला. झाडीपट्टीत माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जावं असा आवाज लागतो, त्या आवाजात. शेजारच्या काकू भांडण झालं म्हणून दारात आल्या.

मग भाचा उठला. त्याचं पात्र टोकच्या घरातलं, बावीस सांडव्यांचं. त्याने लाकडी बैलाकडे पाहून हाक मारली, "मामा!"

आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय रे?"

सगळे हसले. मग हसू विरलं, कारण मामाने ओ दिली होती. पत्र्यावर लिहिल्याप्रमाणे आता तोंड मोकळं करणं भाग होतं. फासा टाकायची गरज उरली नव्हती. मी विचारलं, "भाच्याने काय द्यायचं?"

मधला पत्रा नाही. कुणाला माहीत नाही. मी तिथे काहीच योजलेलं नव्हतं, बकरू-कोंबडं काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. भाच्याने जरा वेळ घेतला. "माझे पाच सांडवे," तो म्हणाला.

वहिनींनी वही उघडली. बावीसातून पाच गेले, सतरा. विसाच्या आत. म्हणजे ज्याने पाणी आणलं त्यालाच पाण्याच्या बैठकीत बोलता येणार नाही. वहिनींनी ते वाचून दाखवलं आणि "बदलायचं का?" असं विचारलं. भाचा नाही म्हणाला. मोरी उघडली. पिल्लांचं काय करायचं, हे ढिवर मित्राने आधीच पाहून ठेवलं होतं. त्याच्या पात्राने पाटाच्या तोंडाला बारीक जाळं लावलं होतं. हजारभर पिल्लांपैकी किती वाचली यासाठी फासे टाकले, निम्मी वाचली. त्याला ते लागलं. पुढची दहा मिनिटं तो कुणाशी बोलला नाही.

काही गोष्टी बिनसल्याच. तोंडच्यांकडून खेळायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते सरसकट आडमुठे वाटले. खऱ्या पाटावर असं नसतं, तोंडाच्या शेतकऱ्यालाही रात्री जागून मोरीवर बसावं लागतं. घाटाच्या निवाड्याचा नियम कलाकाराने इतका वापरला की मला तो आवरता घ्यावा लागला. आणि मधला पत्रा मी अजून केलेला नाही. भाच्याने दिलेली किंमत त्यावर लिहावी की वेगळं काही, यावर दोन मतं आहेत, दोन्ही माझीच.

कलाकार वडशाला गेला. होळीनंतर पुन्हा बसू असं ठरलं आहे. फेरिक क्लोराइड अर्धी बाटली उरलंय.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि काका खऱ्या तलावाच्या पाळीवरून चाललो होतो. हिवाळी पाहुणे उतरायला लागले होते, ब्राह्मणी बदकांची एक जोडी पार मधे बसली होती. यंदा शेवटचा पाऊस बरा झाला, टोकाचं धान थोडं तरी हाती आलं. पण तलाव काठोकाठ भरला नाही. काका सांडव्याच्या कोरड्या दगडांपाशी थांबले, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "म्हंजे यंदा आपलं कोनाचंच वय वाढलं नाई."